हसणाऱ्यांचा ठराव

चेअरमन रडायला लागले की हसल्यासारखे दिसत. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि गावाबाहेर कुणालाच नव्हतं. पुढे जे घडलं ते एवढ्यावरूनच घडलं.

त्यांचे दोन्ही गाल वर चढायचे, डोळे बारीक व्हायचे, वरचे दात उघडे पडायचे आणि खांदे गदगदायचे. आवाज मात्र मुळीच नाही. वडिलांच्या तिरडीपुढे ते असे उभे राहिले तेव्हा भावकीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांच्या पाठीत गुद्दा घातला होता म्हणे. थोरल्या मुलीच्या पाठवणीला तर नवरदेवाचे मामा जीपमध्ये चढलेले खाली उतरले.

"आमी सोंगाडे दिसायलो का तुमाला? पोरीचा बाप कावून हसायलाय?"

लग्न मोडायची वेळ आली. तेव्हा चेअरमनच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सरळ मामांचं मनगट धरलं आणि त्यांचा तळवा चेअरमनच्या गालावर नेऊन ठेवला. गाल ओला होता.

"रडायलेत ते," काकू म्हणाल्या. "तोंडाचं मशीन उलटं बसलंय त्यांच्या. बसा जीपमधी."

आणि खरं हसू आलं की चेअरमन नुसते खोकायचे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील एका संघटनेच्या छापखान्यात होते. उरलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. 'निषेध' हा शब्द मला 'निसर्ग'च्या आधी आला. कॉलेज संपवून मी चेअरमनच्या मजूर सहकारी संस्थेत लिहिण्यावाचण्याचं काम बघायला आले आणि पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "धरणाच्या बुडीत जमिनींबद्दल संस्थेची भूमिका काय?"

ते म्हणाले, "आधी चहाचा ठराव घेऊ."

टेबलावर बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटा होती. ती त्यांनी वाजवली. "सूचक मी. अनुमोदक कोन?"

बाहेर लिंबाखाली एक सभासद तुटक्या चपलेला तार ओवत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "अनुमोदन."

मग चहा आला. मला वाटलं, नव्या मुलीची गंमत चालली आहे. गंमत नव्हती. या माणसाला ठरावाशिवाय काही करताच येत नसे. घरी जेवायला बसतानाही तेच.

"आज पिठल्याचा ठराव मांडतो."

"विरोध नोंदवा," आतून काकू.

"कावून?"

"ब्यासन संपलंय."

"ठराव फेटाळन्यात येत हाय," असं म्हणून चेअरमन निमूट भाकरीवर ठेचा घ्यायचे.

हे वेड कुठून आलं याचं मला फार कुतूहल होतं. मी खोदून खोदून विचारायचे आणि ते बाजूला बघत भलतंच काही सांगायचे. एकदाच नीट बोलले. त्यांचं जुनं गाव धरणात गेलेलं. सगळं गाव उचलून वरच्या खडकाळ माळावर आणून ठेवलेलं. ते म्हणाले, "धरनात गाव गेलं तवा नोटीस परत्येकाला येगळी आलती. आमी येगळी येगळी घेतली, येगळी येगळी वाचली. तिथंच हारलो. तवापसून मी येकट्यानं काई करीत न्हाई."

मी ते वाक्य लगेच लिहून घेतलं आणि पुढच्या पत्रकाला मथळा म्हणून वापरलं. तेव्हापासून ते मला 'पत्रकबाई' म्हणू लागले.

ठरावाशिवायचा एकच नियम त्यांच्याकडे होता. संस्थेच्या दाराशी रांजण होता आणि त्यावर तांब्या. आलेल्या माणसाने आधी पाणी प्यायचं, मग नाव सांगायचं. वसुलीचा साहेब असो, भांडायला आलेला असो, वाट चुकलेला असो. टँकर आठवडा आठवडा यायचा नाही तेव्हाही रांजण रिकामा दिसला नाही. काकू चिडायच्या. "ह्याचा ठराव कवा झालता?" चेअरमन खोकायचे.

संस्थेचे सभासद म्हणजे थोड्या जमिनीचे आणि बिनजमिनीचे लोक. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे आणि परत आल्यावर संस्थेमार्फत रस्त्याचं, पाझर तलावाचं काम करणारे. त्यांतली एक कौसाक्का. हे तिचं खरं नाव नाही. हे नाव तिनेच निवडलं. नवऱ्याने टाकलेली, मुलंबाळं नसलेली, तिशीतली बाई. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादम शक्यतो घेतच नाही. कौसाक्काला अख्खी मोजणारी जागा जगात एकच होती, ती म्हणजे आमची संस्था. आणि तिचं हसू! ती हसायला लागली की खडी फोडणाऱ्या अख्ख्या रांगेचे हातोडे थांबायचे. उंच, लांब, मध्येच हुंदका दिल्यासारखं तुटणारं आणि पुन्हा उचल खाणारं. ते एकदा ऐकलेला माणूस पुन्हा ओळखणारच.

त्या वर्षी ऊस उभाच राहिला नाही. कारखान्यांची धुराडी थंड, मुकादम गावात फिरकले नाहीत, माणसं घरीच. धरण इतकं आटलं की मधोमध जुनं गाव वर आलं. देवळासमोरचा पार, शाळेचा चौथरा, विहिरीचा कठडा. भेगाळलेल्या गाळाचं मैदान नजर जाईल तिथवर. विजेचा खांब नाही, तार नाही. अशा जागेवर सिनेमावाल्यांची नजर न गेली तरच नवल. एक मोठा ऐतिहासिक चित्रपट काढायचा होता. लढाया, छळ, राजाचा शेवट. मुंबईहून तंबू आले, घोडे आले आणि टोपीवाला एक मॅनेजर आला.

मॅनेजर आधी आमच्या गावच्या अण्णांकडे गेला. अण्णा म्हणजे मोठे बागायतदार. त्यांच्या ट्रॅक्टरमध्ये बसेल तो मजूर, आणि बसणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, अशी त्यांची रीत. चेअरमन घंटा घेऊन तंबूत गेले आणि म्हणाले, "मानसं पायजेत ना? संस्थेकडून घ्या. बायकाबी सभासद हायत, गडीबी हायत. पन कोन काय करनार ते सभा ठरवील." मॅनेजरला माणसं एका ठिकाणाहून मिळाली तर हवीच होती. त्याने हो म्हटलं. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत.

सभा पारावरच भरली. पाण्याखाली गेलेल्या गावच्या पारावर पुन्हा सभा! मला ते फार भव्य वाटलं होतं. सभासदांना तसं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांचा वाद वेगळाच होता. राजाचे मावळे थोडे हवे होते आणि बादशहाची फौज मोठी. फौजेत जायला कुणी तयार नाही.

"मी उपाशी मरंल पन त्या फौजेत मरनार न्हाई!"

"मंग मी कावून मरू बे? मह्या बापाची फौज हाय का?"

रशीदभाई उठले. संस्थेतले सगळ्यात जुने सभासद, पांढरी दाढी. "चेअरमनसाब, तो मॅनेजर मला बघताच म्हनला, चाचा, तुमी इकडं उभं ऱ्हावा, दाढी चांगली हाय. म्या म्हनलं, दाढी माझी हाय, फौज माझी न्हाई. मी राजाकडून लढनार."

टाळ्या पडल्या. चेअरमननी घंटा वाजवली. "समद्यांनी राजाकडून लढायचं. समद्यांनी बादशहाकडून मरायचं. आळीपाळीनं. आज हिकडं, उद्या तिकडं. सूचक मी."

"अनुमोदन."

त्यामुळे मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. काल शत्रू म्हणून मेलेला माणूस आज मावळ्यांच्या पुढे धावताना दिसे. "काका, असं चालत नाही हो! कंटिन्युइटी जाते!"

"ती जी कोन बाई हाय," चेअरमन शांतपणे म्हणाले, "तिला सभंला बोलवा. तिचं म्हननं ऐकून घेऊ."

शेवटी मॅनेजरने पागोटी खाली ओढायला लावली आणि धूळ जास्त उडवली. तरी सिनेमा आला तेव्हा आमच्या माणसांनी बरोबर हेरलं. रशीदभाई तलवार उगारतात आणि पुढच्याच क्षणी तिच्याखाली रशीदभाईच पडतात. एका वारात स्वतःलाच कापणारा असा माणूस दुसरा झाला नसेल.

राहिला बाजाराचा प्रसंग. साखळदंडातल्या राजाला भर बाजारातून फिरवतात. राजा पाणी मागतो. लोक हसतात. एवढंच.

हे ऐकल्यावर आळीपाळीवालेही उठून गेले. मरायचं ते मरू, पण राजावर हसायचं? मॅनेजर म्हणाला, मग अण्णांच्या ट्रॅक्टरला निरोप धाडतो. तेव्हा कौसाक्का उभी राहिली. एरवी ती सभेत फक्त अनुमोदन द्यायची.

"गड्यांनो, तुमी दोन्ही फौजांत काम केलं. बायकांला फौजंत घेतलंच न्हाई. ह्या येका बाजारात आमाला काम हाय. आमच्या वाट्याला हसनंच आलंय, तर ते बी नगं म्हनता?"

चेअरमननी बराच वेळ घंटेच्या लोलकाशी चाळा केला. मग म्हणाले, "हसायचं काम संस्था करील. सूचक मी. सूचक हाय म्हनून म्होरं मी उभा ऱ्हातो."

बाजार त्याच पाराभोवती उभारला होता. दुपारची वेळ, गाळ तव्यासारखा तापलेला. नट अनवाणी होता. जखमा रंगाच्या, पण ओठ खरेच फुटलेले. दिग्दर्शकाने चेअरमनना सांगितलं, "काका, तो तुमच्यासमोर थांबेल. तुम्ही मोठ्यांदा हसायचं." चेअरमननी मान डोलावली. साखळ्या ओढत तो नट आला, पारापाशी थांबला, चेअरमनकडे बघून म्हणाला, "पाणी."

मी कडेला उभी होते. चेअरमनचे गाल वर चढले. डोळे बारीक झाले. दात उघडे पडले. खांदे गदगदू लागले. त्यांच्या मागे, त्यांच्या आडोशाला उभ्या असलेल्या कौसाक्काने त्याच क्षणी आपलं हसू सोडलं आणि पाठोपाठ सगळा बाजार हसला.

दिग्दर्शक उडीच मारून पुढे आला. "काय हसलात काका! अस्सल!" आमच्या माणसांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. सगळे गाळाकडे बघत होते. चेअरमन तोवर तांब्या घेऊन नटापाशी पोचले होते, पण रंगभूषा करणारी मुलगी मध्ये आली, "ओठांचा मेकअप जाईल." तांब्या तसाच परत आला.

घरी जाताना मी विचारलं, "काय झालं होतं तुम्हाला?"

"पानी मागत हुता गं तो."

"अहो, तो नट आहे."

"तहान बी नट हाय का?"

जिथे दहा पुरुष खोल पाणी उभं राहावं म्हणून त्यांचं गाव घेतलं, तिथे एक माणूस पाणी मागत होता आणि त्यांना हसायला सांगितलं होतं. हे मी माझ्या शब्दांत मांडते आहे. ते असं काही बोलले नाहीत.

सिनेमा आला आणि जिल्हा वेडा झाला. तेलगावहून, सिरसाळ्याहून ट्रॅक्टर भरभरून माणसं तालुक्याच्या टॉकीजला जायची, रडून डोळे सुजवून परत यायची. बाया पडद्यातल्या राजाला हात जोडायच्या. मला असल्या सिनेमांचा राग होता आणि आहे. तीन तास राजा लढतो, पण त्याच्या घोड्यांना पाणी कुणी पाजलं, त्याच्या फौजेची ज्वारी कुणी काढली, हे एकदाही दिसत नाही. आणि रडवून झालं की बाहेर कुणाचा तरी राग करायला सोडून देतात. या वेळी राग करायला चेहरा आयता मिळाला होता. राजा पाणी मागतो तेव्हा पडदाभर एकच चेहरा दिसतो. दात काढून हसणारा म्हातारा. त्याच्यावर ते उंच, लांब हसू. लोक पडद्यावर चपला मारायचे. मग कुणीतरी शोधून काढलं की म्हातारा इथलाच आहे. मोबाईलवर तो चेहरा फिरला. संस्थेच्या भिंतीवर कुणी डांबराने शिवी लिहिली. रस्त्याच्या कामावर सभासदांना लोक विचारू लागले, "तुमीच का ते हसनारे?"

अण्णांना बोलायला आता मुहूर्त सापडला. "राजावर हसनारी संस्था," एवढंच ते म्हणायचे, जिथे जातील तिथे.

मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. 'सत्य काय आहे?' असा मथळा. चेअरमन रडत होते, त्यांचा चेहरा तसाच आहे, वडिलांच्या वेळचं, मुलीच्या लग्नातलं, सगळं पुराव्यासकट. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक होतं. चेअरमननी ते चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं.

"चांगलं हाय. आता सांग पत्रकबाई, हे वाचल्याव मानूस म्होरं काय इचारील?"

"काय विचारेल?"

"मंग हसलं कोन?"

दाराशी कौसाक्का रांजणातलं पाणी पीत होती. तिने तांब्या पालथा घातला आणि आमच्याकडे न बघता निघून गेली. शिवाराच्या टोकाला एकटी राहणारी बाई. तिचं हसू सगळ्या गावाने ओळखलेलं, गावाने अजून बाहेर न बोललेलं.

"म्हणजे खोट्यावर संस्था चालवायची?" मी भडकले.

"खोटं कुठं हाय? मी हसलो असं मी कुनाला सांगितलं का? मी गप हाय."

"गप्प बसणं हेसुद्धा..."

"पत्रकबाई," ते म्हणाले, "नोटीस येगळी येगळी घ्यायची न्हाई."

मला ते पटलं नव्हतं. पूर्ण पटलेलं आजही नाही. ज्याला खरं ठाऊक आहे त्याने ते छापावं, असं माझं मत आहे, आणि म्हणूनच कौसाक्काला विचारून हे लिहिते आहे. ती आता म्हणते, "लिव. हसले तर हसले. सांगितलेलं काम केलं." पण तेव्हा पत्रक चेअरमनच्या खिशात गेलं, ते परत दिसलं नाही.

अण्णांच्या बाजूच्या सभासदांनी विशेष सभा मागितली. ती शाळेच्या पडवीत झाली. बाहेरगावचे लोकही तमाशा बघायला कुंपणापाशी उभे होते. ठराव असा : राजावर हसून ज्याने जिल्ह्याची मान खाली घातली त्याला अध्यक्षपदावरून काढावं. सभेच्या अध्यक्षस्थानी अर्थात चेअरमनच. स्वतःविरुद्धचा ठराव त्यांनी स्वतःच खणखणीत आवाजात वाचला आणि विचारलं, "सूचक? अनुमोदक?"

मी उठले. घंटा वाजली. मी बसले.

कौसाक्का उठली. "चेअरमन, मला बोलायचंय."

घंटा. "विषय पत्रिकेवर न्हाई."

"आवो, विषय मीच हाय!"

घंटा, घंटा, घंटा. इतक्या जोरात की कुंपणावरचे कावळे उडाले. कुंपणापलीकडे ती काय म्हणाली ते कुणाला ऐकूच गेलं नाही. ती उभीच राहिली, चेअरमन वाजवत राहिले, आणि शेवटी काकूंनी तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं.

मतं घेतली. हात मोजले तर दोन्हीकडे सारखे. अशा वेळी अध्यक्षाला जादा मत असतं. अण्णांच्या माणसांचे चेहरे पडले. आता म्हातारा स्वतःला वाचवणार. चेअरमननी सभेकडे एकवार पाहिलं आणि हात वर केला.

"ठरावाच्या बाजूनं."

घंटा उचलून त्यांनी रशीदभाईंच्या मांडीवर ठेवली आणि पायऱ्या उतरले. अण्णांच्या बाजूने अध्यक्षपदाला कुणाचं नावच ठरवून आणलेलं नव्हतं. त्यांची आपसात कुजबुज सुरू होईतो रशीदभाईंचं नाव सुचवून, अनुमोदन देऊन झालंही. वाटेत मी चेअरमनना गाठलं. मला रडू येत होतं, रागाचं. "तुमचं मत तुमच्याकडे होतं!"

"मी ऱ्हायलो तर विषय ऱ्हातो. मी गेलो, विषय गेला. संस्था हाय, तिला काम हाय." मग थोडं चालून म्हणाले, "आता पिक्चरचा ठराव मांडतो. मी अजून बघितला न्हाई."

खरंच, जिल्ह्यात तो सिनेमा न पाहिलेला बहुधा तो एकटाच माणूस उरला होता.

कौसाक्का म्हणाली, "अनुमोदन. मी बी येते."

दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. चेअरमननी डोक्याला रुमाल गुंडाळला होता, तेवढंच वेषांतर. टॉकीज खचाखच. आमच्या शेजारी, चेअरमनच्या पलीकडे, सिरसाळ्याचा एक आडदांड तरुण होता. खेळ सुरू व्हायच्या आधीच तो चेअरमनना म्हणाला, "काका, मी तिसऱ्यांदा बघायलोय. रुमाल हाय ना जवळ? लागंल."

मी ठरवून आले होते की पडद्याकडे बघायचं नाही, माणसांकडे बघायचं. काही वेळाने मीही पडद्याकडेच बघत होते. तेवढी ताकद त्यात होती, हे कबूल करायला हवं. घोड्यांच्या टापांनी खुर्च्या हादरत होत्या. धुळीतून रशीदभाई आले आणि रशीदभाई मेले. चेअरमन खोकले. मग राजा सापडला, साखळ्या आल्या, आणि पडद्यावर आमचा पार दिसला. चेअरमन पुढे वाकून बसले. मला वाटतं त्यांनी राजाला पाहिलंच नाही त्या वेळी. ते पाराच्या मागे बघत होते, जिथे त्यांचं घर असायला हवं होतं.

"पाणी," राजा म्हणाला.

पडदाभर तो चेहरा आला. कौसाक्काचं हसू छतापासून जमिनीपर्यंत टॉकीजभर फिरलं. माझ्या शेजारी कौसाक्काने पदराचा बोळा तोंडात कोंबला. चपला उडू लागल्या. सिरसाळ्याच्या तरुणाने उभं राहून आपली एक चप्पल काढली आणि शिवी हासडून अशी भिरकावली की ती बरोबर पडद्यावरच्या दातांवर बसली. खाली बसताना तो धापा टाकत चेअरमनना म्हणाला, "काका, हा मला भेटू द्या फकस्त येकदा."

चेअरमननी डोक्यावरचा रुमाल जरा खाली ओढला.

पुढचं मी वर्णन करत नाही. तापलेल्या सळया, डोळे, आरोळ्या. ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. माणसं लहान मुलांचे डोळे झाकत होती आणि स्वतः बघत होती. सगळं टॉकीज हुंदके देत होतं. राजाने शेवटचा श्वास सोडला तेव्हा मीही डोळे पुसत होते. तेवढ्यात शेजारी खुर्ची करकरली.

"हसतो का बे?"

तरुणाने चेअरमनची कॉलर धरली होती. पडद्याच्या उजेडात चेअरमनचा चेहरा मला दिसला. गाल वर, डोळे बारीक, दात उघडे. खांदे गदगदत होते.

"राजा मेला आन् हसतो? आँ? हसतो?"

मी ओरडायला तोंड उघडलं. माझ्या आधी कौसाक्का उठली. माझ्या गुडघ्यांवरून वाकून तिने त्या तरुणाचं मनगट धरलं.

"आवो, रडायलेत ते! हात लावून बघा!"

आणि तिने त्याचा तळवा चेअरमनच्या गालावर दाबला.

तो तसाच थांबला. मग त्याने कॉलर सोडली, आपल्या तळव्याकडे पाहिलं, तो शर्टाला पुसला. खाली वाकून पायाशी चाचपडला आणि पाण्याची बाटली काढून चेअरमनच्या हातात दिली. कोण, कुठले, काही विचारलं नाही.

"घ्या काका. पानी घ्या."

चेअरमन प्यायले.

दिवे लागले तेव्हा रुमाल सुटून त्यांच्या खांद्यावर आला होता. तरुण त्यांच्याकडे बघत राहिला. त्याने पडद्याकडे पाहिलं, पडदा आता पांढरा होता. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. लोक डोळे पुसत आमच्या गुडघ्यांना घासून बाहेर पडत होते. आता हा हाक मारून सगळ्यांना गोळा करतो की काय, असं माझ्या मनात आलं.

"तुमीच व्हय ते," तो हळू म्हणाला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "म्हंजी... तवा बी?"

चेअरमन खांद्यावरच्या रुमालाची घडी घालू लागले.

"मंग हसलं कोन वो?"

कौसाक्का माझ्या शेजारी ताठ उभी होती. तिने पदर तोंडावरून काढला. ती बोलणार होती, मला दिसत होतं.

"संस्था हसली," चेअरमन म्हणाले. "सर्वानुमते."

तरुणाला ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. तो एका पायावर अवघडून उभा होता. दुसरा पाय अनवाणी. पडद्याखाली चपलांचा ढीग पडला होता आणि झाडूवाला तिकडे निघाला होता. चेअरमननी त्याच्या पायाकडे पाहिलं. सवयीने त्यांचा हात घंटेसाठी पुढे गेला, मग घंटा नाही हे आठवून त्यांनी पुढच्या खुर्चीच्या पत्र्यावर बोटांनी टकटक केलं.

"ठराव मांडतो. चप्पल सोधायची. सूचक मी."

तरुण क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. तो याच जिल्ह्यातला. त्याच्याही गावात सोसायटी असणार, डेअरी असणार.

"अनुमोदन," तो म्हणाला.

चेअरमन खोकले, आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पुढे निघाले. "डावी का उजवी?"